काळी बुरशी : सिद्ध न होणे आणि नसणे

मंडळी, मागल्या वेळी आपण कार्यकारणभावाविषयी बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, अगदी घरातल्या भिंतीवरचं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात १९९३-९४ मध्ये दहा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. तपासात दिसलं की ही बाळं बहुतेक करून पाणी मुरलेल्या घरांतली होती. तिथे ‘स्टॅकिबॉट्रिस’ नावाची काळी बुरशी आढळली. ती विषद्रव्यं तयार करू शकते हे आधीपासून ठाऊक होतं. झालं! गुन्हेगार सापडला, असंच लोकांना वाटलं. ‘विषारी काळी बुरशी’ वर्तमानपत्रांत गेली, कोर्टकचेऱ्यांतही पोचली.

पुढे मार्च २००० मध्ये, ज्या सीडीसी या सरकारी संस्थेने तपास केला होता, तिनेच तो पुन्हा तपासवून घेतला आणि जाहीर केलं की नमुने घेण्यात व आकडेमोडीत उणिवा होत्या. बुरशी आणि रक्तस्राव यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. आपली चूक अशी उघडपणे सांगायला धैर्य लागतं, बरं का! पण त्या आईबापांच्या हाती मात्र उत्तर आलं नाही.

आता दुसरी चूक पाहा. संबंध सिद्ध झाला नाही, म्हणजे बुरशी निरुपद्रवी, असं काहींनी मानलं. हाही तर्कदोषच. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये पुरावा तपासला. ओल आणि बुरशी यांचा खोकला, छातीतली घरघर, नाक-घशाचा त्रास आणि दमेकऱ्यांचा वाढणारा दमा यांच्याशी संबंध असल्याला पुरेसा पुरावा आहे, असा निर्वाळा दिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये ओल हटवण्यावरच भर दिला.

आम्हीही पावसाळ्यात भिंत काळवंडली की वरून रंग मारून मोकळे होत असू. डाग झाकला जाई, ओल तशीच राही. दिवाळीपर्यंत डाग पुन्हा हजर! शिवाय रंगावरून बुरशीची जात कळत नाही. काळ्या बुरश्या अनेक आहेत, आणि पांढरी किंवा हिरवी बुरशी निर्धोक असते असंही नाही.

तेव्हा ‘ही बुरशी कोणती?’ यापेक्षा ‘हे पाणी येतंय कुठून?’ हा प्रश्न आपण आधी विचारू. गळकी नळी, तडकलेली गच्ची, बंद खिडकी: उत्तर बहुधा तिथेच सापडतं. भीतीने घर सोडायला नको, आणि बेफिकिरीने दमेकरी पोराला त्या खोलीत झोपवायलाही नको.