भंडाऱ्याला कळेपर्यंत

14 एप्रिल 2021, रात्री 8. महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली तेव्हा भंडारा जिल्ह्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. त्या क्षणापासून घड्याळ उलटं फिरवून पाहू.

2,300 तास आधी
9 जानेवारी, पहाटे दीडचा सुमार. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून धूर येताना ड्युटीवरच्या परिचारिकेला दिसला. आत 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. उजाडेपर्यंत सारा देश हळहळत होता. त्याच वेळी ऑक्टोबरपासून राज्यात असलेला बदललेला कोरोना विषाणू मात्र कुणाच्याच बातमीत नव्हता. विषाणूचं जिनोम सिक्वेन्सिंग करणाऱ्या दहा प्रयोगशाळांचा इन्साकॉग हा गट नुकताच उभा राहिला होता. त्यातल्या दोन पुण्यातल्या: एनआयव्ही आणि एनसीसीएस.

1,300 तास आधी
19 फेब्रुवारी. अमरावती, यवतमाळमध्ये रुग्ण झपाट्याने वाढत होते. तिथले नमुने पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात तपासले गेले. राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलं: ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा स्ट्रेन आढळला नाही. ते खरंच होतं. पण लोकांनी त्यातून दिलासा घेतला, आणि मला सर्वांत जास्त सलतं ते हे. आजार बाहेरून आला का, एवढंच आपण विचारत राहिलो. तो इथेच बदलला असेल, हे विचारायचं राहून गेलं.

1,224 तास आधी
22 फेब्रुवारी, रात्री 8. अमरावतीत लॉकडाऊन सुरू झाला. अमरावतीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 नागपूरवरून थेट भंडाऱ्यात येतो.

840 तास आधी
10 मार्च. विषाणूतल्या बदलांबद्दलचे इन्साकॉगचे निष्कर्ष याआधीच केंद्राच्या रोग नियंत्रण संस्थेकडे गेले होते, असं वृत्त रॉयटर्सने पुढे 1 मे रोजी दिलं. शास्त्रज्ञांच्या मसुद्यात या बदलांबद्दल ‘अतिशय चिंताजनक’ अशा अर्थाचे शब्द होते, हेही त्यात होतं.

504 तास आधी
24 मार्च. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढलं. महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे बदल सापडले होते. चिंतेचे ते शब्द पत्रकात नव्हते. रुग्णवाढीचा याच्याशी थेट संबंध जोडण्याइतके नमुने नाहीत, असंही म्हटलं होतं. नमुने कमी होते हे खरंच: देशात कोटीच्या वर रुग्ण आणि तपासणीच्या हिशेबात 10,787 नमुने. पण पुरावा अपुरा असतानाच तो उघड करायचा असतो. 11 जानेवारी 2020 रोजी शांघायच्या झांग योंगझेन यांनी विषाणूचा जनुकीय क्रम जगासाठी खुला केला, तेव्हा त्यांच्याही हाती सगळी उत्तरं नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा बंद करायला लावली. तरी त्या क्रमावरून जगभर चाचण्या आणि लशींचं काम सुरू झालं.

240 तास आधी
4 एप्रिल. जागतिक आरोग्य संघटनेने महाराष्ट्रात सापडलेला हा बदललेला प्रकार ‘लक्ष ठेवण्याजोगा’ ठरवला.

साडेतेवीस तास आधी
13 एप्रिल, रात्री साडेआठ. मुख्यमंत्र्यांनी संचारबंदी जाहीर केली. साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला रुग्ण हलवावा, तर तिथली रुग्णालयं आधीच भरलेली.

त्यानंतर
11 मे रोजी विषाणूचा हा प्रकार आरोग्य संघटनेच्या ‘चिंताजनक’ यादीत गेला आणि 31 मे रोजी त्याच्या एका उपप्रकाराला ‘डेल्टा’ हे नाव मिळालं. ऑगस्टमध्ये भंडारा कोरोनामुक्त झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जिल्ह्याने हजाराहून अधिक माणसं गमावलेली होती.

पुढची साथ येईल तेव्हा पुण्यात निघालेला निष्कर्ष त्याच दिवशी दोन ठिकाणी पोहोचला पाहिजे: जगाच्या खुल्या संग्रहात आणि भंडाऱ्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या फोनवर. अर्धवट असला तरी, तसं स्पष्ट लिहून.