चाळिशीच्या आधीचा चष्मा

मराठीत चष्म्याला जुना शब्द चाळशी. वयाच्या चाळिशीत जवळचे अक्षर पुसट होऊ लागते, तेव्हा नाकावर चढणाऱ्या या वस्तूचे नाव वयावरूनच पडले. ‘चष्मा’ फार्सीतून आला. चश्म म्हणजे डोळा. भाषेने आधी ओळखला तो उतारवयाचा चष्मा. ज्या पोराला लांबचे दिसत नाही, त्याच्या चष्म्याला वेगळे नाव पडलेच नाही, कारण तो उशिरा आला. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शहापूरसारख्या गावाचा विचार करताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

जगातही क्रम हाच होता. इटलीत 1286 च्या सुमारास पहिले चष्मे झाले, ते बहिर्गोल भिंगांचे, म्हाताऱ्या वाचकांसाठी. निकटदृष्टीवरचे, म्हणजे लांबचे न दिसणाऱ्यांसाठीचे, अंतर्गोल भिंग चष्म्यात बसायला पंधरावे शतक उजाडले. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने 1462 मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांतला एक डझन तरुणांसाठी, लांबचे पाहण्याचा. एक डझन म्हाताऱ्यांसाठी, जवळचे पाहण्याचा. आणि उरलेला साधारण नजरेचा. भिंगाचे दोन उपयोग तोवर बाजारात वेगळे झाले होते हे त्या मागणीवरून दिसते. त्यामागचे कारण मात्र योहानेस केप्लरने 1604 मध्ये सांगितले. कारागिरी शास्त्राच्या दीडशे वर्षे पुढे होती.

भारतातला सर्वांत परिचित जुना उल्लेख विजयनगरचा. सोमनाथाच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत चरित्रात माध्व संन्यासी व्यासतीर्थ चष्म्यासारखे साधन लावून पोथी वाचतात. काळ 1520 च्या आसपासचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी 1500 ते 1800 या काळातल्या भारतीय चष्म्यांची माहिती चिकाटीने गोळा केली. रोजच्या वापरातल्या वस्तूकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे अभ्यासक थोडे, म्हणून त्या कामाचे मोल मोठे आहे. व्यासतीर्थांचे साधनही पोथी वाचण्याचे, म्हणजे पुन्हा जवळच्या नजरेचेच.

निकटदृष्टीत डोळ्याचे बुबुळ धड असते, भिंगही स्वच्छ असते. बहुतेकदा नेत्रगोलच समोरून मागे लांब झालेला असतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर वाढला तरी नंबर अडीच-तीनने सरकतो. लांबून येणारे किरण मग दृष्टिपटलावर न जुळता त्याच्या अलीकडेच जुळतात आणि प्रतिमा विस्कटते. मध्ये पातळ, कडेला जाड असे अंतर्गोल भिंग ते किरण डोळ्यात शिरण्याआधी थोडे पसरवते, त्यामुळे जुळण्याची जागा मागे सरकून पटलावर येते. नंबराचा हिशेबही सरळ आहे. मायनस एकच्या माणसाला एक मीटरपर्यंत स्पष्ट दिसते, मायनस दोनला अर्धा मीटर, मायनस तीनला जेमतेम 33 सेंटिमीटर.

हे अंतर कोष्ट्याच्या कामाचे आहे. भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी ही कोसा रेशमाच्या कापडाची जुनी ठिकाणे. मागावर तुटलेला तार शोधून सांधायला नजर हातभर पोहोचली की पुरते. अशा माणसाला समोरून येणारा ओळखीचा चेहरा दिसला नाही तरी पोटाचे काम अडत नाही. शेताच्या बांधावरही ते बरेचसे भागते. लांबचे न दिसणे हे दुखणे म्हणून उघडे पडते ते फळ्यासमोर, रस्त्यावर आणि भरतीच्या रांगेत.

तपासणीची साधने एकोणिसाव्या शतकातली. हेर्मान स्नेलेनचा अक्षरतक्ता 1862 चा. भिंगाची शक्ती मोजणारे डायॉप्टर हे एकक फर्डिनान्ड मोनोयेने 1872 मध्ये सुचवले. त्यानंतर ‘नंबर’ हा शब्द घराघरात गेला. तपासणीत जड गोल फ्रेम नाकावर बसते, तिच्या खाचेत एकेक काच पडते आणि प्रश्न येतो, ‘हे बरं, की हे?’ जुन्या चष्म्याची ओळख तर यंत्राशिवायही पटते. काच डोळ्यासमोर धरून हळू हलवावी; पलीकडची वस्तू काचेच्याच दिशेने सरकली तर मायनस, उलट सरकली तर प्लस.

शहापूरजवळच्या जवाहरनगरला 1960 च्या दशकात आयुध निर्माणी उभी राहिली. सरकारी भरतीच्या वैद्यकीय तपासणीत नजर पाहतात, त्यामुळे अशा नोकरीच्या उमेदवाराला तक्त्याची शेवटची ओळ महत्त्वाची ठरते. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्यात शाळेतली तपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे आले.

त्या मुलांच्या वाटेत दोन समज आडवे येत राहिले. एक, चष्मा लावला की नंबर वाढतो. वाढत्या वयात नंबर वाढतो तो नेत्रगोल लांबत जातो म्हणून. चष्मा त्याचे कारण नाही. याच भीतीपोटी काही ठिकाणी मुलांना मुद्दाम कमी नंबर दिला जाई. मलेशियात 2002 मध्ये झालेल्या अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढलेला आढळला. दुसरा समज मुलींच्या लग्नाचा. चष्मा दिसला तर स्थळ फिरेल या धाकाने कितीतरी मुलींनी शाळेची वर्षे अंदाजाने वाचत काढली, आणि हे नुकसान कुठल्याच नोंदवहीत आले नाही.

शाळेतल्या तपासणीला फार सामान लागत नाही. भिंतीवर तक्ता, सहा मीटरवर खडूची रेघ, आणि एक डोळा तळहाताने हलकेच झाकलेले मूल. अक्षरे न येणाऱ्या लहानग्यासाठी चारी दिशांना तोंड केलेले इंग्रजी ‘ई’ असतात. ‘ई’चे पाय जिकडे, तिकडे बोट दाखवायचे. ठरलेल्या ओळीवर बोट चुकू लागले की त्या मुलाचे नाव नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याच्या यादीत जाते.