नेपियरच्या कांड्या आल्या, पण वाण तोच आहे का? डीएनए मार्कर कसं ओळखतात?

मोबाइलवर चाऱ्याचं गवत शोधलं की जाहिरातींची रांगच लागते. 'सुपर नेपियर', '४जी बुलेट', 'स्मार्ट नेपियर' अशी नावं, माणसापेक्षा उंच गवताचे फोटो आणि कांडीमागे दर. पण घरी आलेल्या कांड्या खरंच त्याच वाणाच्या आहेत का? नुसतं बघून ते सांगणं कठीण असतं.

केळापूरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर हा कापसाचा तालुका. कापसातून ज्वारीसारखा कडबा मिळत नाही. शेजारी टिपेश्वर अभयारण्य असल्यानं जंगलालगत गुरं चारणंही जोखमीचं. याच पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्याआधी १३ जणांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. म्हणूनच शेतात हिरवा चारा असणं इथे मोलाचं. हे गवत एकदा लावलं की काही वर्षं कापत राहायचं असतं. वाण चुकला, तर ती सगळी वर्षं वाया जाऊ शकतात.

वाण ओळखणं अवघड का?

संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर. बाजरीत १४ गुणसूत्रं, हत्ती गवतात २८ आणि संकरात २१. या विषम जुळणीमुळे त्याला सहसा बी धरत नाही. त्यामुळे लागवड कांड्यांनी किंवा ठोंबांनी होते. बियाण्याच्या पिशवीवर असतं तसं लेबल कांडीवर नसतं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले यशवंत' आणि 'फुले जयवंत', बाएफचा 'बीएनएच-१०', कोइमतूरचा 'सीओ-४' हे सगळे याच कुळातले. पानाची लव, खोडाची जाडी, फुटवे यांत फरक असतो. पण पाणी आणि खत बदललं की ही लक्षणंही बदलतात. डीएनए मात्र बदलत नाही.

मार्कर म्हणजे काय?

डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच अक्षरं पुन्हापुन्हा येतात. समजा, 'जीए' ही जोडी एका वाणात १२ वेळा आणि दुसऱ्यात १७ वेळा आली. ही संख्या म्हणजेच ओळखीची खूण. या प्रकाराला 'एसएसआर मार्कर' म्हणतात.

चाचणीत कोवळ्या पानातून डीएनए काढतात. कोरोनाकाळात सगळ्यांनी ऐकलेल्या पीसीआरनं त्या जागेच्या असंख्य प्रती बनवतात. मग तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. अशा अनेक जागांचा नमुना एकत्र पाहिला की वाणाचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो.

इथे कांडीचा फायदाच होतो. एका वाणाच्या सगळ्या कांड्या मूळ झाडाच्या प्रती असल्यानं त्यांचा ठसा सारखाच असतो. बाजरीसारख्या परपरागीकरण होणाऱ्या पिकात झाडागणिक फरक असतो, म्हणून तिथे अनेक झाडं तपासावी लागतात.

मर्यादा काय?

तुलनेसाठी मूळ वाणाचा खात्रीचा नमुना हवा. अनेक जागी फरक दिसला तर वाण वेगळा, हे स्पष्ट होतं. मोजक्याच जागा जुळल्या, तर मात्र तो जवळचा नातेवाईकही असू शकतो. शिवाय ही ओळखीची चाचणी आहे. चारा किती निघेल, हे ती सांगत नाही. वाणांच्या नोंदणीसाठी २००१ च्या कायद्यातही वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता शेतातच तपासली जाते. मार्कर त्याला जोड देतात.

मग शेतकऱ्यानं काय करावं?

- जाहिरातीतल्या नावाऐवजी वाण कोणत्या संस्थेनं प्रसारित केला, ते विचारा.
- बेणं शक्यतो कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या आणि पावती जपून ठेवा.
- आधी थोड्या जागेत लावा. एक-दोन कापण्या पाहून मगच क्षेत्र वाढवा.

प्रत्येक शेतकऱ्यानं डीएनए चाचणी करायची गरज नाही. ती बेणं पुरवणाऱ्या मळ्यात झाली, तर तिथून निघणाऱ्या प्रत्येक कांडीची खात्री देता येते.