नाव आणि कार्य

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाचे पुतळे होते. आज त्यांच्या पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे मात्र वाचता येतात. शेजारच्या आंबेगावचेही तसेच. मूळ गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याला नाव त्याचेच राहिले.

संगणकाच्या भाषांत नेमकी याच्या उलट एक रीत आहे: कार्य आहे, नाव नाही. तिला अनामिक फलन म्हणतात. १९३०च्या दशकात अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा-कलनात फलनाला नाव न देता ते लिहिण्याची पद्धत मांडली. जॉन मॅकार्थी यांच्या १९५८च्या लिस्पमध्ये ती प्रोग्रॅमिंगमध्ये आली आणि १९९५च्या जावास्क्रिप्टमुळे वेबपृष्ठांवर रुळली.

'यादीतील प्रत्येक शब्दाची अक्षरे मोज' हे काम एकदाच सांगायचे असेल, तर त्यासाठी नाव कशाला योजावे? जिथे लागते तिथेच ते लिहून यादी चालवणाऱ्या फलनाच्या हाती देता येते. वाचणाऱ्यालाही व्याख्या शोधत फिरावे लागत नाही.

मात्र अशी फलने लांबली, एकात एक गुंतली आणि काही बिघडले, की चुकीच्या नोंदीत नावाच्या जागी केवळ 'अनामिक' असा शब्द दिसतो. दोष कोणाचा, हे मग ओळ न् ओळ तपासून ठरवावे लागते. म्हणून ज्याला पुन्हा हाक मारायची किंवा ज्याला जाब विचारायचा, त्याला नाव द्यावे, असे आम्हांस वाटते. नाणेघाटातले ते पाय कोणाचे, हे आज सांगता येते ते वरच्या नावांमुळेच.