दयाळू मालकाची गिरणी

१९३४चा पावसाळा. परळला एका गिरणीच्या फाटकाबाहेर तुम्ही भिजत उभे आहात. पुढेमागे तुमच्यासारखेच, कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी जण. आत कोणी आजारी पडलं किंवा गावी गेलं, तरच तुमचा आजचा दिवस भरणार. मुकादम डोकं बाहेर काढतो, बोटानं चौघांना उचलतो. "बाकीच्यांनी उद्या या." उद्या आत जायचं तर मुकादमाची दस्तुरी, म्हणजे लाच, आजच पोचवावी लागेल. मार्क्स ज्याला बेकारांची राखीव फौज म्हणतो, ती म्हणजे तुम्ही. आतल्याची मजुरी वाढू न देण्याचं काम तुम्ही नुसतं बाहेर उभं राहून करताय, आणि तेही फुकट.

मजुरीकपातीविरुद्ध एप्रिलमध्ये पेटलेला सार्वत्रिक संप जूनमध्ये ढेपाळला. जुलैत सरकारनं कम्युनिस्ट पक्षच बेकायदा ठरवला. त्यामुळे फाटकावर सध्या कोणी फारसं बोलत नाही.

आज बोट तुमच्याकडे वळतं. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, शिरलात की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठांवरून ओळखायचं. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. धोटा ओला लागतो; तुमच्या आधी तो दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात होता. म्हणून तर महार कामगाराला या खात्यात पाऊल टाकू देत नाहीत. त्यानं सूतकताईच्या रिंगखात्यात राबायचं, कमी मजुरीवर. १९२८च्या गिरणी संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणा देणारे पुढारी चांगलेच अडखळले होते. वर्गाचं भिंग लावून सिनेमा पाहणाऱ्यांनी हा ओला धोटा एकदा तरी हातात घ्यावा.

आता अंगावरचे कपडे तसेच राहू द्या, फक्त जागा बदला. याच मुंबईत अजंटा सिनेटोनमध्ये दिग्दर्शक मोहन भवनानी 'मजदूर' नावाचा बोलपट करताहेत. तुम्ही गर्दीतले एक कामगार. सकाळी खरे होतात, आता खोटे. समोर काटकुळा, मिशाळ माणूस पंचाच्या भूमिकेत उभा आहे, मालक आणि कामगारांत समेट घडवायला. कथाही त्याचीच. हे मुन्शी प्रेमचंद. 'हंस' आणि 'जागरण' ही नियतकालिकं चालवताना कर्जात रुतले, म्हणून वर्षाला आठ हजारांच्या बोलीवर बनारसहून इथे आले. गावच्या पंचायतीवरचा त्यांचा विश्वास ते थेट गिरणीत घेऊन आले आहेत.

कथेत गिरणीमालकाचा मुलगा विनोद उधळ्या आणि जुलमी, तर त्याची बहीण पद्मा कनवाळू. कामगार संपावर जातात, बहीण त्यांची बाजू घेते आणि शेवटी गिरणी तिच्या हाती सुखानं चालू लागते. यात क्रांती कुठे आहे? भांडवलशाही राहते, फक्त मालकीणबाई बऱ्या भेटतात! 'कॅपिटल'च्या प्रस्तावनेत मार्क्सनं बजावलं होतं की भांडवलदार त्याच्या लेखी आर्थिक नात्यांचं मूर्त रूप आहे. मन कसंही असो. त्या हिशेबानं विनोद आणि पद्मा ही एकाच पेढीची भावंडं. साचे तेच, पाळी तीच, नफ्याची वाटही तीच.

तरीही मुंबईच्या सेन्सॉर मंडळाला सिनेमा झेपला नाही. मंडळाचे अध्यक्ष पोलीस कमिशनर, आणि गिरणीमालकांचं तिथे वजन. मुंबईत बंदी आली. लाहोरला तो लागला, पण तिथेही टिकला नाही. तुम्ही सेन्सॉरच्या त्या खोलीत मागच्या खुर्चीवर असता, तर कात्री कशाला घाबरली हे तुम्हाला लगेच कळलं असतं. समेट दाखवायचा तर आधी भांडण दाखवावं लागतं. पद्माची दया उठून दिसायला पडद्यावर कामगार रागावलेले, एकत्र आलेले आणि शहाण्यासारखे बोलणारे हवेत. फाटकावर आज जी माणसं गप्प उभी आहेत, तीच संध्याकाळी चार आणे देऊन ते पाहणार. शेवट कितीही गोड केला तरी मधली रिळं मधलीच.

आज सिनेमाची प्रत उरलेली नाही, म्हणून तर तुम्हाला इथवर यावं लागलं.

एक मुक्काम अजून आहे. बनारस, सरस्वती प्रेस. इथे तुम्ही जुळारी आहात, बोटांना शिशाचा काळेपणा, पगार थकलेला. प्रेसचे मालक भले गृहस्थ, गरिबांवर लिहून नाव कमावलेले, सध्या मुंबईला सिनेमाच्या नोकरीत. प्रेस तोट्यात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तोट्यात चालणारं मासिक तुम्हीच जुळवता. मालकांच्या मनात खोट नाही, हेही ठाऊक आहे. पण वाणी मनावर उधार देत नाही. मालक प्रेमचंद खिळ्यांच्या पेटीपलीकडून विनोदही दिसत नाहीत आणि पद्माही. दिसतो तो पगाराचा रिकामा रकाना.

सिनेमा पाहून तुम्हाला चेव आला, असं पुढे लोक रंगवून सांगतील. तुम्ही तो पाहिलेलाही नाही. तुम्ही खिळा पेटीत टाकता, हात पुसता आणि बाकीच्यांबरोबर संपावर जाता.