तरणजाकिटातील वायुमोचन

श्वसनाच्या हवेची टाकी पाठीशी बांधून पाण्याखाली संचार करणारा पाणबुड्या अंगात जे फुगवता येणारे जाकीट घालतो आणि ज्यास व्यवसायात सर्रास ‘बीसीडी’ म्हणतात, त्यातील हवा गरजेपुरती बाहेर सोडून स्वतःवरील प्लावक बल कमी करण्याची क्रिया म्हणजे वायुमोचन. जाकीट माणसास वर नेण्यासाठी असते, अशी नवख्याची समजूत असते. वस्तुतः वर येताना ते फुगवावयाचे नसून रिते करावयाचे असते, आणि सबंध बुडीत पाणबुड्याचे कौशल्य कोठे पारखावे असे विचारल्यास या एका बाबीकडेच बोट दाखवावे लागेल.

तिचे कारण दोन जुन्या नियमांच्या संयोगात आहे. बाजूस सारल्या गेलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल पदार्थास वर लोटते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत. आणि तापमान कायम असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा बॉइलचा नियम. समुद्रात दर 10 मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढत असल्यामुळे 20 मीटरांवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तेथे जाकिटात 4 लिटर हवा आहे असे धरले, तर तीच हवा 10 मीटरांवर 6 लिटर आणि पाण्याच्या पृष्ठाशी 12 लिटर जागा व्यापील. म्हणजे पहिल्या दहा मीटरांच्या चढणीत प्लावक बलात सुमारे 2 किलोग्रॅमांची भर पडते, तर शेवटच्या दहा मीटरांत सुमारे 6 किलोग्रॅमांची. उजेड वाढलेला, होडीचा तळ डोक्यावर दिसू लागलेला आणि मन निर्धास्त झालेले, असा जो उथळ टप्पा, तोच या हिशेबाने सर्वांत दगलबाज ठरतो.

इतकी हवा जाकिटात मुळात भरावीच का लागते, हा प्रश्न रास्त आहे. खोलीवर निओप्रीनचा पोशाख दाबाखाली चेपून त्याची तरंगण्याची शक्ती घटते, ती तूट जाकिटातील हवेने भरून काढावी लागते. शिवाय प्रचलित 11 लिटरांची ॲल्युमिनियमची टाकी 200 बार दाबाने भरलेली असता तीत सुमारे अडीच किलोग्रॅम हवा असते. ती श्वासागणिक खर्ची पडून टाकी हलकी होत जाते, म्हणून अखेरीस उथळ पाण्यात स्थिर राहता यावे अशा बेताने कमरेस शिशाची वजने बांधावी लागतात, आणि बुडीच्या आरंभी तेवढा भार अधिक होतो. वजने उगाच जास्त बांधणारा पाणबुड्या जास्त हवा भरतो, आणि जास्त हवा भरणारास ती सोडण्याची यातायातही जास्तच पडते.

डाव्या खांद्यावरून उतरणाऱ्या पन्हळी नळीच्या टोकाशी दोन कळा असतात. एक टाकीतील हवा जाकिटात घेते. दुसरी दाबली असता झडप उघडून आतील हवा नळीवाटे निघून जाते. परंतु नुसती कळ दाबून भागत नाही. गवंड्याच्या पाणसळीतील बुडबुड्याप्रमाणे जाकिटातील हवाही नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते, आणि झडप त्या जागी नसेल तर एक थेंबभर हवाही सुटत नाही. सबब शरीर उभे करावे, डावा हात उंचावून नळीचे तोंड खांद्याहून वर धरावे, आणि कळ थोडीथोडी दाबून प्रत्येक वेळी काय फरक पडला ते पाहावे, असा शिरस्ता आहे. बहुतेक जाकिटांस खांद्यावर दोरीने उघडणारी आणखी एक झडप, तसेच पाठीमागे कमरेलगत एक झडप असते. डोके खाली व पाय वर अशा अवस्थेत वर ओढला जाणारा पाणबुड्या नळी उंचावण्याच्या धडपडीत वेळ दवडतो. त्या क्षणी कमरेची दोरी खेचणे हाच खरा उपाय. जाकीट फाटू नये म्हणून अतिरिक्त दाब आपोआप सोडण्याची तरतूद असते खरी, पण ती जाकिटाच्या रक्षणासाठी. ती चढणीचा वेग आवरील, या भरवशावर कोणी राहू नये.

वर येण्याचा वेग मिनिटास 9 मीटरांच्या आसपास ठेवावा आणि 5 मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, असा आजचा सामान्य दंडक आहे. पूर्वी 18 मीटरांपर्यंत मुभा असे. हवा वेळीच न सोडल्यास ती फुगते, फुगल्याने चढण वेगावते, आणि वेगाने ती अधिकच फुगते. या बेलगाम चढणीत श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. रक्तात व ऊतकांत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास अवसर न मिळाल्याने होणारा विकार निराळाच.

1943 मध्ये कूस्तो व गान्यां यांनी फ्रान्समध्ये स्वयंचलित श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. वजने व छातीतील श्वास यांवरच सारा तोल सांभाळला जाई. फ्रेंच संशोधक मॉरिस फेन्झी यांचे गळ्यात घालावयाचे जाकीट 1960 नंतरच्या वर्षांत प्रचारात आले आणि पुढे त्याची जागा सदऱ्यासारख्या जाकिटांनी घेतली. सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांस पाण्याखाली नेतात, तेव्हा जाकिटाचा कारभार प्रशिक्षकाच्याच हाती असतो. स्वतंत्रपणे बुडी मारू इच्छिणारास मात्र ही विद्या रीतसर शिकावी लागते.

खाऱ्या पाण्याचे स्फटिक वा रेतीचा कण अडकून हवा घेणारी कळ दबलेलीच राहिली, तर टाकीकडून येणारी नळी ताबडतोब सोडवावी आणि त्याच वेळी हवा बाहेर काढीत राहावे. प्रत्येक बुडीनंतर जाकीट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळविण्याची तजवीज असली, म्हणजे ही वेळ सहसा येत नाही.