दस्ता बदलला, बंदूक तीच का?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं बंदुकीवर बोलायला उभं राहावं हे थोडं विचित्रच आहे. पण विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्याकडे चालत आला. आमचा एक जुना विद्यार्थी, मूळचा इथलाच, प्रवरेकाठचा, आता अमेरिकेत असतो. त्यानं एका रायफलीचे दोन फोटो पाठवले. एकात लाकडी दस्त्याची साधी पॉइंट टू-टू रायफल होती. दुसऱ्यात काळा, बिजागरीवर दुमडणारा दस्ता, आणि नळीवर नवी माशी. खाली एक ओळ: सर, आता ही तीच रायफल आहे का?

त्यानं ते गंमत म्हणून विचारलं होतं. आम्ही मात्र महिनाभर त्यात अडकलो.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. या जातीला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याची चोच त्या कडेवर बसते. फ्रान्समध्ये फ्लोबेर यानं 1845 मध्ये ही कल्पना वापरली. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं पॉइंट टू-टू रिमफायर काडतूस आणलं 1857 मध्ये. हे साल लक्षात ठेवा, अकोल्याच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे. आज जगभर चालतं ते लाँग रायफल काडतूस 1887 चं. धक्का कमी, आवाज कमी, किंमत कमी, म्हणून शिकाऊ माणसाच्या हातात पहिली रायफल बहुधा हीच येते.

आमच्या विद्यार्थ्याची रायफल रुगर 10/22 आहे, 1964 पासून बनणारी. तिचा दस्ता एका स्क्रूनं आणि नळीवरच्या एका पट्ट्यानं धरलेला असतो. दस्ता बदलायला त्याला अर्धा तास लागला. पण माशी आणि मागची खाच जुळवण्यात त्याचे दोन शनिवार-रविवार गेले! असं का झालं, यातच सगळं मर्म आहे.

दस्ता म्हणजे नुसती मूठ नव्हे. तो खांद्याला टेकतो, त्यावर गाल टेकतो, आणि गाल टेकला की डोळ्याची जागा ठरते. डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या चौघांना एका रेषेत आणायचं असतं. खाच आणि माशी यांत अर्धा मीटर अंतर धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर चुकली, तर 50 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर चुकते. ऑलिंपिकच्या 50 मीटर स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तरी दहा गुण गेले. बिजागरीत जरा खेळ असेल तर नळी काही वाकडी होत नाही, पण गाल दर वेळी निराळ्या जागी पडतो आणि डोळा दर वेळी नव्यानं रेषा शोधत बसतो. विद्यार्थ्याचंही तेच झालं. नवा दस्ता गालाशी खाली होता. जुनी दुर्बीण उंच पडू लागली, म्हणून ती काढून बुटकी माशी लावावी लागली. दुमडल्यावर रायफल पिशवीत मावते खरी, पण नेम लाकडी दस्त्यावरच बरा लागायचा, असं तो स्वतःच म्हणतो.

हे आम्हाला लगेच पटलं, त्याला कारण आहे. 1962 च्या युद्धानंतर कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली, ती 1968 पर्यंत होती. त्या सक्तीतले आम्ही. हातात होती ती पॉइंट टू-टू, पण अंगानं थेट थ्री-नॉट-थ्रीसारखी, चार किलोच्या आसपास. सराव हलक्या काडतुसाचा, पण ओझं खऱ्या बंदुकीचं. हवालदारसाहेब ओरडले, "शिस्त लो!" आम्ही मराठी पोरं, पडल्या पडल्या पाय जुळवून ताठ झालो. त्यांना हसू आवरेना. त्यांच्या भाषेत शिस्त म्हणजे नेम. मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच होतं, ते आम्ही विसरलो आणि शाळेतली शिस्त तेवढी उरली. आमचे हात आखूड. दस्ता काखेत जायचा, मान ताणावी लागायची आणि गोळ्या कागदाच्या बाहेर. शेरा मिळाला, 'लक्ष नाही.' लक्ष होतं हो! दस्ता लांब होता.

गंमत म्हणजे इंग्रजांना हे पक्कं ठाऊक होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ली-एन्फिल्ड रायफलीची आखूड आवृत्ती काढली, तिच्या दस्त्याच्या लांब, मध्यम, आखूड अशा निरनिराळ्या लांब्या होत्या, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं. अगदी बुटक्या शिपायांसाठी त्याहूनही आखूड एक होती. दस्त्यावर अक्षर ठोकलेलं असे. आमच्या वाट्याला कोणतं अक्षर आलं होतं, ते बघायची अक्कल तेव्हा नव्हती.

बंदूक माणसाच्या मापाची करायची, पण कोणत्या माणसाच्या आणि कोणाच्या हुकमानं? इथे आपण अकोल्यात येतो. विदर्भातलं अकोला नव्हे. इंग्रजी कागदांत दोघांचं स्पेलिंग एकच, त्यामुळे अभ्यासकांची फार फसगत होते.

याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध उठले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. या डोंगरातल्या महादेव कोळ्याच्या हातातली बंदूक म्हणजे तेव्हा गुन्हा. पुढे नऊच वर्षांनी, 1857 च्या ऑक्टोबरात, नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्याच्यामागून आलेल्या कॅप्टन नटॉलनं त्याच डिसेंबरात याच कोळ्यांची पलटण उभारायला घेतली. मुख्य ठाणं अकोले. जुन्या गॅझेटियरमध्ये तिचा पोशाख दिला आहे: गडद हिरवं पागोटं, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंतचं रक्तवर्णी धोतर, पायात वहाणा. आणि हत्यार? हलकी फ्युसिल आणि संगीन. फ्युसिल म्हणजे ठासणीचीच बंदूक, पण नेहमीच्या पायदळी मस्केटीपेक्षा हलकी. हरिश्चंद्रगडाच्या, रतनगडाच्या वाटा चढणाऱ्याला जड मस्केट काय कामाची? म्हणजे बंदूक माणसाच्या आणि मुलखाच्या मापाची निवडली गेली. माणसं तीच, डोंगर तेच. एकाच पिढीत तेच हत्यार गुन्ह्याचं चाकरीचं झालं, आणि 1861 मध्ये पलटण मोडल्यावर तीही ओळख संपली. पुढे 1878 चा लिटनचा शस्त्र कायदा आला आणि बंदूक परवान्याच्या कागदावर गेली.

दुमडता दस्ता मात्र डोंगरासाठी नव्हे, वाहनासाठी आला. 1938 च्या जर्मन एम.पी. 38 वर लोखंडी घडीचा दस्ता होता. 1942 मध्ये अमेरिकनांनी छत्रीधारी सैनिकांसाठी आपल्या कार्बाइनला तसाच बसवला. तो उघडल्यावर कुलूपबंद होत नसे, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर राही, म्हणून डुगडुगे. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात स्टर्लिंगच्या धर्तीची कार्बाइन बनली, तिचा दस्ता नळीखाली दुमडतो. पोलिसांच्या हातात ती आपण पाहिली आहे. सगळीकडे हिशेब एकच: नेमाचं थोडं जाऊ दे, पण जीपमध्ये मावली पाहिजे.

आणि मग कायदा या बिजागरीकडे बघू लागला. अमेरिकेत 1994 च्या बंदी कायद्यानं सूट दिलेल्या रायफलींची यादी केली. तीत रुगर 10/22 आहे, पण 'दुमडता दस्ता नसलेली' अशी अट घालून! यंत्र तेच, नळी तीच, गोळी तीच. एक स्क्रू फिरवला की सुटीची यादी संपली. तो कायदा 2004 मध्ये संपला. दुसरीकडे त्याच देशात 1968 च्या कायद्यानं यंत्राची मधली चौकट म्हणजेच बंदूक असं मानलं, म्हणून तिच्यावर नंबर असतो आणि दस्ता टपालानं घरी येतो. आपल्या 1959 च्या कायद्यात सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात, आणि दुरुस्ती किंवा फेरबदलाचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून इथे कोणी हे घरी करून बघू नका, ते अमेरिकेतलं झालं.

थीसियसच्या जहाजाचं कोडं तुम्हाला माहीत असेल, फळ्या बदलत गेलं तर जहाज तेच का? आम्हाला मिलिंदप्रश्नातला रथ जवळचा वाटतो. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, रथ हे त्या मांडणीचं नाव. कायद्याला हे परवडत नाही, त्याला नंबर ठोकायला एक जागा लागते. पण नेमबाजाला विचारा. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेऊन आला. दोघांचं काडतूस हेच, पॉइंट टू-टू रिमफायर. त्या रायफलींवर गालाची पट्टी वर-खाली होते, खांद्याचा तुकडा मागे-पुढे होतो. गुडघ्यावर एक माप, आडवं एक, उभं एक. त्यांच्या लेखी नंबराची चौकट हे निमित्त, बंदूक म्हणजे अंगाला बसलेली मांडणी. राघोजींच्या मुलखातल्या माणसाला ती मांडणी स्वतः ठरवायची मुभा कधी मिळाली नाही, कोणी तरी काढून घेतली किंवा कोणी तरी नेमून दिली. कायद्याचा हिशेब चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे नंबर हवाच. फक्त नंबर म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे.

विद्यार्थ्याला आम्ही शेवटी चार ओळी लिहिल्या. परवान्याला आणि पोलिसांना विचारशील तर तीच रायफल. तुझ्या गालाला विचारशील तर दुसरी. तेव्हा नेमाच्या नोंदींची जुनी वही बंद कर, आणि पहिल्या गोळीपासून नवी सुरू कर. त्याचं उत्तर आलं: सर, लाकडी दस्ता परत बसवला. आता कोणती वही काढू?